गाडी हीट होते तेव्हा: इंजिनचं मोठं बिल कुठे सुरू होतं आणि कुठे थांबवता येतं

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकून झाल्यावर मुद्दे परत डोळ्यांखालून घालायचेत, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिखित भाग. बोलताना घाईत सुटलेले दोन-तीन आकडे इथे घातलेत.

तुमच्यापैकी बरेच जण पहिली गाडी घेताय, आणि ती सेकंड हँड घेताय. त्यामुळे मला येणाऱ्या मेसेजमध्ये एक वाक्य सारखं दिसतं: "मेकॅनिक म्हणतोय इंजिन काम निघालंय." हे ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण पुढचा आकडा पगारापेक्षा मोठा असतो. आता इंजिन खराब व्हायला शंभर कारणं असतात. पण त्यातलं एक कारण असं आहे की ते आधी सूचना देतं, बराच वेळ देतं, आणि सुरुवातीला अगदी स्वस्तात सुटतं. ते म्हणजे कूलिंग सिस्टम. आज फक्त त्यावर बोलू.

एक गोष्ट पक्की करा

कूलंट ही पेट्रोलसारखी वापरून संपणारी वस्तू नाही. ती बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहते. वर्षभरात बाटलीतली पातळी किंचित खाली आली तर ठीक. पण दर महिन्याला, दर आठवड्याला टॉप-अप करावं लागत असेल तर कूलंट कुठेतरी जातंय. एक तर बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनच्या आत जातंय. तिसरा पर्याय नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: पाणी टाकणं ही दुरुस्ती नव्हे. पाणी गेलं कुठे हे शोधणं, ही दुरुस्ती.

इंजिन एवढं तापतंच का?

पेट्रोल इंजिनात जेवढं इंधन जळतं, त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत जाते. आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनच्या धातूत शिरते, जी कूलंटला बाहेर काढावी लागते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते त्या क्षणी आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. इंजिनचं हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. हा धातू टिकतो तो फक्त त्याच्या मागून सतत फिरणाऱ्या कूलंटमुळे.

घाटात काय होतं याचा छोटा हिशोब करून बघा. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आहे आणि लोणावळा सहाशेच्या वर. म्हणजे चढ झाला साधारण साडेपाचशे मीटरचा. बाराशे किलोची गाडी नुसती एवढी वर उचलायला सुमारे साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा लागते. इंजिनची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर फक्त या चढासाठी ६०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जास्तीचं जळतं. त्यातली कूलंटच्या वाट्याला येणारी उष्णता एवढी असते, की २० लिटरचा पाण्याचा जार साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. आणि छोट्या गाडीत कूलंट असतं किती? चार-पाच लिटर! तेवढ्याच लिटरांनी तीच उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये टाकायची, परत यायचं. त्यात एक लिटर कमी असेल तर सपाट रस्त्यावर कदाचित कळणारही नाही. घाटात कळतं.

कूलंटचा फेरा

बॉनेटच्या आत काय काय आहे ते पटकन सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये कुठला शब्द आला तर गोंधळ होणार नाही.

वॉटर पंप कूलंट ढकलतो. आपल्याकडे बरेच मेकॅनिक यालाच "वॉटर बॉडी" म्हणतात. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण असलेला छोटा व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना तो बंद असतो, कूलंट इंजिनातच फिरतं आणि लवकर गरम होतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांची जाळी, तिथे वारा लागून कूलंट थंड होतं. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो, ट्रॅफिकमध्ये उभी असेल तर पंखा लागतो. हे सगळं जोडणाऱ्या रबरी नळ्या म्हणजे होज पाईप.

राहिलं ते रेडिएटरचं झाकण. दिसायला साधं, पण ते आत दाब धरून ठेवतं, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब दिला तर १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि सगळ्यात उशिरा आठवणारा.

कूलंट की नळाचं पाणी?

"पाणीच तर आहे, नळाचं टाक" हा सल्ला प्रत्येक पार्किंगमध्ये मिळतो. अडचण अशी की बोअरवेलच्या पाण्यात क्षार असतात. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये साचतो. शिवाय साध्या पाण्याने आतून गंज धरतो. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, त्याने उकळण्याची मर्यादा वाढते. पण आपल्या हवेत त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे: त्यातली गंजरोधक रसायनं, जी ॲल्युमिनियम आणि पंपाचं सील सांभाळतात. ही रसायनं कालांतराने संपतात, म्हणून कूलंट दिसायला चांगलं असलं तरी ठरावीक काळाने बदलायचं. किती काळाने, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

दोन सूचना. एक, रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. बाटलीवरचा प्रकार मॅन्युअलशी जुळवा. "रेडी टू यूज" आहे की पाण्यात मिसळायचं आहे तेही वाचा, आणि मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या. दोन, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोडसर. लहान मुलं, कुत्री-मांजरं चाटतात. जमिनीवर सांडलं तर लगेच धुऊन काढा आणि उघडी बाटली घरात ठेवू नका.

गाडी कधी तापते, ते आधी बघा

मेकॅनिककडे जाऊन नुसतं "गाडी हीट होते" म्हणू नका. कधी होते ते सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

- ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेवर काटा खाली येतो: संशय पंख्यावर. मोटर, फ्यूज, रिले किंवा सेन्सर.
- ट्रॅफिकमध्ये ठीक, पण वेगात किंवा घाटात तापते: कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा पंप कमजोर.
- सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, किंवा कूलंट जवळजवळ नाहीच.
- हीटर लावला तरी गरम हवा येत नाही: कूलंट कमी आहे किंवा नळ्यांमध्ये हवा अडकलीय.
- गाडीच्या आत गोडसर वास, पायाशी ओल: हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.
- इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, कूलंट कमी होतंय पण खाली थेंबही नाही: हे गंभीर. कूलंट इंजिनात जळत असण्याची शक्यता.
- ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग: ऑइलमध्ये पाणी शिरलंय. गाडी चालवू नका, टो करा. (फक्त झाकणाखाली थोडा फेस असेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर ती नुसती वाफ असू शकते. तरी डिपस्टिक तपासाच.)

बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांमध्ये तापमानाचा काटाच नसतो. फक्त दिवा असतो: निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे धोका. मधली काहीच सूचना नाही. म्हणून लाल दिव्याला "घरी जाऊन बघू" हे उत्तर नसतं. आणखी एक फसवी गोष्ट: कूलंट पूर्ण संपलं तर सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला राहत नाही, आणि काटा उलट खाली दिसू शकतो. तापलेला काटा अचानक खाली आला, पण इंजिनचा आवाज जड झाला, पिकअप गेला, तर आनंद मानू नका. थांबा.

घाटात काटा वर चढला तर

काटा वर सरकतोय पण लाल रेषेच्या आत आहे, वाफ नाही: एसी बंद करा. हीटर फुल गरमवर, ब्लोअर जोरात, खिडक्या खाली. मे महिन्यात कसारा घाटात हे करणं म्हणजे शिक्षाच, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता ओढून घेतो. मग सुरक्षित जागा बघून थांबा.

लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली: डाव्या बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद. हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण शक्य तेवढा मागे ठेवा. एक्स्प्रेसवेवर असाल तर सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. गाडी वाचवताना माणसं रस्त्यावर नकोत.

आता अर्धा-पाऊण तास थांबायचं. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कापड धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. झाकण उघडलं की दाब जातो, त्याच क्षणी ते उकळून उसळतं आणि तोंडा-हातावर येतं. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघा. कमी असेल आणि दुसरं काही नसेल, तर पिण्याचं पाणी हळूहळू भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. जवळच्या म्हणजे खरंच जवळच्या. भरलेलं पाणी लगेच खाली ओघळत असेल तर टोइंग बोलवा. टोइंगचे पैसे टोचतात, पण ते पुढच्या बिलासमोर चिल्लर आहेत.

"हेड खोलावं लागेल"

आता मुख्य मुद्दा. कराडहून एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली होती. तिच्या परवानगीने सांगतो. "दादा, चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात गाडी हीट झाली. दोन महिने आठवड्याला बाटलीभर पाणी घालत होते, तेवढ्यावर चालत होती. आता मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन करावं लागेल. माझे तीन पगार होतात. करू की गाडी विकू?"

आधी होतं काय ते समजून घ्या. इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा म्हणजे हेड. दोघांच्या मधे पातळ गॅस्केट. इंजिन हद्दीबाहेर तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. किती? कित्येक इंजिनांत चालणारी मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला दिसत नाही, पट्टी आणि फीलर गेज लावूनच कळतं. तेवढ्या वाकण्याने गॅस्केट उडते आणि कूलंट, ऑइल, जळालेले वायू एकमेकांच्या वाटेत शिरतात. तरीही गाडी हाकत राहिलात तर पिस्टन, रिंगा, सिलिंडरच्या भिंती धरल्या जातात. मग होतं ते फुल इंजिन.

बिलाच्या पायऱ्या बघा. होज पाईप, क्लिप, झाकण: शेकड्यात. थर्मोस्टॅट, पंप, पंख्याची मोटर, रेडिएटर: हजारात. हेडचं काम: दहा हजारांच्या पटीत. फुल इंजिन: त्याच्याही पुढे, आणि मोठ्या किंवा डिझेल गाडीत लाखाच्या घरात. प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीवर ढकलते ती एकच गोष्ट: तापलेली गाडी चालवत राहणं.

म्हणून तिला म्हटलं, आधी खोलू देऊ नकोस. हे विचार:

१. प्रेशर टेस्ट केली का? रेडिएटरला हातपंप लावून दाब देतात. दाब उतरला तर गळती आहे, आणि बाहेरची असेल तर जागा दिसते.

२. कूलंटमध्ये जळालेला वायू येतोय का, ते तपासलं का? रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव असलेली नळी धरतात. रंग पिवळा झाला तर वायू येतोय, म्हणजे गॅस्केट गेलीय किंवा हेडला तडा आहे.

३. कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे किती आले? प्रत्येक सिलिंडरचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या. "पिस्टन गेलाय" हे या आकड्यांशिवाय कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर दुसऱ्या गॅरेजला दाखवा.

४. एस्टिमेट दोन टप्प्यांत द्याल का? पहिला टप्पा फक्त हेड उतरवण्याचा. मग फोटो पाठवा, फोन करा, आणि माझ्या होकाराशिवाय पुढे जाऊ नका. हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

५. हेड मशीन शॉपला पाठवणार ना? तिथे फेसिंग होतं आणि तडा आहे का तेही तपासतात. न तपासता नवी गॅस्केट घालून बांधलेलं हेड परत उडू शकतं.

६. मुळात गळत कुठे होतं? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मूळ गळती तशीच ठेवून नवं हेड बसवलं, तर सहा महिन्यांनी तुम्ही त्याच बाकड्यावर बसलेले असाल.

आणि जुने पार्ट परत मागा. त्यात अपमानाचं काही नाही. चांगला मेकॅनिक स्वतःहून दाखवतो.

तिच्या गाडीत काय निघालं? गॅस्केट खरंच उडाली होती, हेडही वाकलं होतं. पण कॉम्प्रेशन पाहून, हेड उतरवून सिलिंडर बघितल्यावर खालचं इंजिन शाबूत निघालं. फुल इंजिनची गरज नव्हती. काम हेडवर भागलं, तरी एका पगाराच्या वर गेलंच. आणि मूळ गळती? खालच्या होज पाईपला क्लिपपाशी चीर. दोन महिन्यांपूर्वी ते काम शेकड्यातलं होतं.

तीन जुगाड, ज्यांना नाही म्हणा

"थर्मोस्टॅट काढून टाकतो, आपल्याकडे गरमच असतं." नको. इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

"पंखा डायरेक्ट करून देतो." रस्त्यात अडकलात तर एक दिवसापुरतं चालेल. कायमचं केलं तर पंख्याची मोटर झिजते, बॅटरीवर ताण येतो, आणि सेन्सरचा खरा दोष झाकला जातो.

"हळद टाका, लीक बंद होतं." बारीक छिद्र बुजतं खरं, पण हळदीला छिद्र कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे कळत नाही. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पावडरीही तशाच. घाटातून उतरण्यापुरतं, फार तर.

दुरुस्त करायची की विकायची?

गाडीची आजची, चालू स्थितीतली किंमत काढा. बिल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल आणि बाकी गाडी धडधाकट असेल, तर मी दुरुस्तीकडे झुकतो. निम्म्याच्या पुढे गेलं तर विकायचा विचार करा. हा माझा अंदाजाचा नियम आहे, कायदा नव्हे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून सेकंड हँड इंजिन आणायचा सल्लाही मिळेल. स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर आरसीवर असतो. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावीच लागते, म्हणून त्या इंजिनाचे कागद आणि बिल नसेल तर हात लावू नका.

इन्शुरन्स देईल का? साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी अपघाताचं भरते, यांत्रिक बिघाडाचं नाही. दगड लागून रेडिएटर फुटला तर क्लेम होऊ शकतो. पण फुटल्यावर गाडी तशीच हाकून इंजिन जाळलंत, तर तो भाग बहुधा नाकारला जातो. गॅरेजने न सांगता काम वाढवलं, बिल द्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

महिन्यातून पाच मिनिटं

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, एवढंच करतो:

- कूलंटच्या बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे आहे का, ते बघून फोनवर फोटो. मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघायचं.
- गाडीखाली डाग आहे का? एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, कूलंट रंगीत आणि चिकट.
- होज पाईप हाताने दाबून बघायचे. कडक, भेगाळलेले किंवा लोण्यासारखे मऊ झालेले असतील तर बदलायचे. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेत का तेही.
- रेडिएटरच्या जाळीत चिखल, पानं, किडे. हलक्या धारेने धुवायचं. जोरदार प्रेशरने पातळ पत्रे दुमडतात.
- शेवटी गाडी सुरू करून एसी लावायचा, पंखा फिरतो का ऐकायचं.

फोटोची सवय लावाच. "थोडं कमी झालंय वाटतं" आणि "एका महिन्यात बोटभर खाली आलंय" या दोन वाक्यांमध्ये मेकॅनिकला दुसरं वाक्य कामाचं असतं.

या आठवड्यात तुमच्या गाडीची बाटली एकदा बघा, आणि घरी गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर त्यांनाही लाल दिव्याचं सांगून ठेवा. काही शंका असेल तर व्हॉइस नोट पाठवा. गाडी कोणती, किती किलोमीटर झाली आणि कधी तापते, एवढं नक्की सांगा. पुढच्या भागात क्लच प्लेट. तोवर घाट सांभाळून चढा, भेटू!